मोतिया रंगाखालची भेग

फोटोतली भेग दिसण्याआधी नागसेन बोर्डेला भिंतीचा रंग ओळखू आला. फिकट मोतिया. तो रंग त्यानंच सुचवला होता, त्याच भिंतीसमोर उभं राहून. हलका रंग घ्या, खोली मोठी दिसते, बघणाऱ्याच्या मनात उजेड राहतो, असं काहीतरी म्हणाला होता तो. मग खिडकी दिसली, तिच्या लोखंडी जाळीतला उगवता सूर्य दिसला, आणि सगळ्यात शेवटी ती भेग. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून तिरपी छताकडे गेलेली, खाली केसाएवढी आणि वर जाताना रुंद होत गेलेली. त्या रुंद जागी कुणीतरी आगकाडी खोचून फोटो काढला होता.

"अर्धी काडी आत जाते, सर," व्हरांड्यात समोरच्या खुर्चीत बसलेली मुलगी म्हणाली. मोनाली तिचं नाव. दवाखान्यात नर्स होती, मूळची धावड्याची, आणि विहारातल्या कुणीतरी तिला नागसेनचा पत्ता दिला होता. आल्या आल्या जयभीम घालून तिनं सगळं सांगून टाकलं होतं. भोकरदन रोडला घर घेतलंय, दिवाळीनंतर राहायला गेलो, मी आणि आई, गुढीपाडव्यापर्यंत भिंत आरशासारखी होती आणि आता हे. "मी आईला म्हणलं, कुणाला तरी जाणत्या माणसाला दाखवू. आईचा पलंग त्याच भिंतीला आहे ना. खिडकीतून वारा येतो म्हणून तिनं तिथंच टाकायला लावला. काळजीचं काही न्हाई ना सर?"

नागसेननं फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला. बत्तीस वर्षं बांधकाम खात्यात काढलेल्या माणसाला हे सगळं करायची गरज नव्हती. तो फक्त वेळ काढत होता, आणि वेळ काढता काढता त्याच्या तोंडून वाक्य निघून गेलं. "नुसता गिलावा आहे. नवा रंग उन्हाळ्यात ओढला जातो. घाबरण्यासारखं काही न्हाई." आवाज त्याचाच होता, नेहमीचा, रविवार सकाळचा, खात्रीचा. मुलीचे खांदे एकदम खाली आले. एवढा विश्वास! तिनं तांब्यातलं पाणी वरून घटाघटा प्यायलं, ओढणीनं हनुवटी पुसली आणि, "आईला आत्ताच सांगते," म्हणत फोन पर्समध्ये टाकला. फाटकाशी जाऊन वळली आणि पुन्हा एकदा जयभीम घातला. तिची स्कूटी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत नागसेन उभाच होता, आणि त्याला जाणवलं, की आपण उजव्या हाताच्या बोटांनी व्हरांड्याचा खांब ठोकून बघतोय.

ही ठोकायची सवय बापाकडून आलेली. साहेबराव गवंडी भिंतीला गाठ मारायचा, म्हणजे बोटाच्या गाठीनं ठोकायचा आणि कान लावायचा. भरीव वाजली तर पुढं, पोकळ वाजली तर पाड. नागसेन इंजिनिअर झाला, कागदावर पाया आणि स्लॅब शिकला, पण रिटायर झाल्यावर लोकांच्या घरी गेला की त्याचा हात आधी भिंतीवरच जायचा आणि लोक भक्तिभावानं त्या हाताकडं बघायचे. दर रविवारी व्हरांड्यात दोन-चार माणसं ठरलेली. कुणाच्या मोरीखाली ओल, कुणाच्या गच्चीवर पाणी तुंबतं, कुणाला वर मजला चढवायचाय. नागसेन सांगायचा. गच्चीचा उतार नळीकडं करून घ्या. ओल बाहेरून मारा, आतून रंग लावून ओल मरत न्हाई. विकायचं असेल तर आधी दारं-खिडक्यांना तेल द्या, दार कुरकुरलं की गिऱ्हाईकाला सगळं घर कुरकुरतंय असं वाटतं. पैसे घ्यायचा नाही. बायको पंचशीला या बैठकीला दवाखाना म्हणायची आणि चहा करून करून कंटाळायची. पण नागसेनला त्या खुर्चीत बसलं की छातीत काहीतरी भरून आल्यासारखं व्हायचं. नोकरीत वरच्यांनी विचारलं नव्हतं इतकं आता कुणीही येऊन विचारत होतं. साहेब, तुम्ही सांगाल तसं.

बद्रीनाथही असाच आला होता, गेल्या भाद्रपदात. पिंपळगाव रेणुकाईचा, चांगल्या जमिनीचा माणूस. मुलांच्या शाळेसाठी जालन्यात घर बांधलं होतं, मुलं पुण्याला गेली, आता घर विकायचं होतं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, गळ्यात बारीक तुळशीची माळ. तो सोफ्याच्या कडेला अंग आकसून बसला आणि म्हणाला, "साहेब, तुमच्या वडलांच्या हातची भिंत आहे आमच्या गावच्या घराला. अजून रेघ न्हाई पडली तिला." आणि पंचशीलानं आणलेला चहा त्यानं बशीत ओतून सगळा प्याला. नागसेन त्या बशीकडं बघत राहिला होता. गावचं ते घर त्याला ऐकून पाठ होतं. बापानं फक्त भिंतीचं सांगितलं होतं, ओळंबा सोडला तर दोरी सूतभर हलली न्हाई, असं, म्हातारपणीसुद्धा डोळे मिटून. वास्तुशांतीच्या दिवशी त्याला जेवण कुठं वाढलं ते आईनं सांगितलं होतं. पायरीखाली, पत्रावळीवर, वरून टाकून. बापानं त्यावर कधी तोंड उघडलं नाही. आणि आता त्याच घरातला माणूस नागसेनच्या सोफ्यावर चहा पीत होता, साहेब म्हणत होता, त्याला स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर बसवून घर दाखवायला घेऊन जात होता.

तेव्हा ती भेग मिटलेली होती. पावसाळ्यात काळी माती फुगते, घराला खालून उचलून धरते आणि भेगेचे ओठ जुळतात. नागसेननं बोटानं चाचपली, बाहेरून जाऊन बघितली. बाहेरही होती, म्हणजे आरपार. मागचा कोपरा खचत होता. पाया मुरमापर्यंत नेलाच नव्हता. बद्रीनाथनं कबूल केलं, गडबड होती, मिस्त्री म्हणाला तीन फूट पुष्कळ झालं. नागसेनला सगळं कळलं होतं. आणि सगळं कळल्यावर त्यानं सल्ला दिला. आत्ता मिटलेली आहे तोवर भरून घ्या, वरून तारेची जाळी मारून गिलावा करा, पुट्टी, मोतिया रंग, आणि दिवाळीत गिऱ्हाईक दाखवा. उन्हाळ्यावर जाऊ देऊ नका. शेवटचं वाक्य त्यानं जरा खालच्या आवाजात सांगितलं होतं, दोघांतलं म्हणून. बद्रीनाथनं त्याचे दोन्ही हात हातात घेतले होते. परतीच्या वाटेवर गाडीत बसून नागसेनला जो आनंद झाला होता, त्या आनंदाची चव आता, चैत्राच्या या उन्हात, फाटकाकडं बघताना त्याच्या जिभेवर आली आणि त्याला थुंकावंसं वाटलं.

पुढचे चार दिवस तो घरातच फिरत राहिला. घर पडणार नाही, हे तो स्वतःला सांगायचा. कोपरा खचला म्हणून एका उन्हाळ्यात घरं पडत नसतात, दारं अडकतात, फरशी उचलते, लोक वर्षानुवर्षं राहतात. हे खरंच होतं. पण दुपारी पंख्याखाली डोळा लागायला आला, की खिडकीवरची लिंटेलची तुळई दिसायची, तिच्यावरच्या विटांचा तिरपा पट्टा, त्यावर चढवलेला गिलावा, जाळीसकट. जाळी त्यानंच मारायला लावली होती. जाळी गिलाव्याला धरून ठेवते, आणि सुटला तर पोपडे पोपडे न होता एकदम परातीएवढा सुटतो. खाली पलंग. पलंगावर एक बाई, जिला त्यानं पाहिलं नव्हतं. न पाहिल्यामुळं तिला त्याच्या आईचं तोंड आलं होतं. तो उठून बसायचा, स्वतःच्या घराच्या भिंतीवरून हात फिरवायचा. सगळीकडं भरीव. त्याचं घर मुरमावर होतं, त्यानं स्वतः खड्ड्यात उतरून बघितलं होतं.

पाचव्या दिवशी त्यानं विहारातून नंबर घेऊन मोनालीला फोन केला.

"बेटा, तो पलंग तेवढा दुसऱ्या भिंतीला घे."

"का सर?" पलीकडं दवाखान्याचा गलका होता. "नुसता गिलावा म्हणले होते ना तुम्ही?"

"गिलावाच. पण एखादी पोपडी पडते. डोळ्यात कचरा जातो."

"बरं सर, हलवते. थँक्यू सर."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आता दोन झाली. पहिलं खोटं गडबडीत निघालं होतं, असं तरी म्हणता आलं असतं. हे दुसरं त्यानं चार दिवस बसून बनवलं होतं. पंचशीला दारात उभी होती. हातात निवडायला घेतलेली मेथी तशीच. तिनं किती ऐकलं कुणास ठाऊक. "कुणाचा पलंग?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. आधी घराचं, मग भाद्रपदाचं, मग आगकाडीचं. तुकड्या तुकड्यांनी, मेथीच्या जुडीकडं बघत.  सगळं झाल्यावर ती म्हणाली, "त्या दिवशी तो माणूस गेल्यावर तुम्ही कपबशी स्वतः धुतली होती. मला म्हणलं, जपून ठेव. मला तेव्हाच कसंतरी झाल्तं." मग मेथीची देठं खुडत खुडत, त्याच्याकडं न बघता, "ती पोरगी आपल्या भरवशावर झोपतेय तिथं. जाऊन या," एवढंच.

घर ओळखायला वेळ लागला नाही. प्लॉटिंगमध्ये आता आणखी चार घरं झाली होती, पण रस्ता तसाच कच्चा, आणि दोन्ही बाजूंच्या रिकाम्या प्लॉटांवरची काळी जमीन उन्हानं उलली होती. भेगा इतक्या रुंद की शेळीचा पाय अडकावा. फाटकावर मोनालीनं नवी पाटी लावली होती, आईचं नाव वर, तिचं खाली. व्हरांड्यात निळ्या रंगाची प्लास्टिकची खुर्ची, आत समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं मोगऱ्याची दोन फुलं. मोनालीची आई बारकी, कणखर बाई होती, अंगावर हिरवं पातळ, हाताची कातडी मजुरी करून करून तांबूस झालेली. त्याच्या आईसारखी ती अजिबात नव्हती, आणि त्यामुळं त्याला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच भीती वाटली. ही खरी होती.

"इंजिनेर साहेब, या, पंख्याखाली बसा," तिनं खुर्ची फडक्यानं पुसली. "पोरीनं पलंग हलवायला लावला. मला म्हणलं सरांचा फोन आल्ता. किती ध्यान तुमचं! आजकाल कोण करतंय." पलंग आता स्वयंपाकघराच्या दाराशी होता. तिला वारा लागत नसणार. नागसेननं मोतिया भिंतीकडं बघितलं. भेग फोटोपेक्षा रुंद होती. तो हात लावायला उठला आणि पुन्हा बसला, कारण बाई बोलतच होती, आणि तिचं बोलणं त्याला उठू देत नव्हतं.

"घर काय साहेब, एवढंसं तेवढंसं बिघडणारच. पण मिळालं हे नशीब. आम्ही पाच घरं पाह्यली होती. पोरगी पगाराची, कागद बराबर, बँक द्यायला तयार. पण आडनाव सांगितलं, की मंग मालक गावाला गेलेले. न्हाईतर भाच्याला द्यायचं ठरलं. एकानं तर रंग देऊन झाल्यावर सांगतो म्हणलं, घराला रंग ताजा होता बघा!" ती हसली. "आन् हा बद्रीनाथभाऊ. एक शब्द विचारला न्हाई. कुठले, कोण, काही न्हाई. इसारपावती झाली त्या दिवशी आमच्या खोलीवर आला, पाणी मागितलं आन् प्याला. मी विहारात सगळ्यांना सांगते, अशी बी माणसं असतेत म्हणून."

नागसेनच्या कानात त्या वाक्यानंतर काहीच शिरेना. त्याच्यासमोर पाण्याचा पेला आला, तो त्यानं घेतला आणि रिकामा करून खाली ठेवला. म्हणजे भिंतीखाली आणखी एक भिंत होती. तो फक्त पायाचं सांगायला आला होता. आता ते सांगायचं म्हणजे या बाईच्या हातातून आणखी काय काढून घ्यायचं, हे त्याला दिसलं, आणि क्षणभर त्याच्या मनात आलं, की गिलावाच म्हणावं आणि निघावं. तिसऱ्यांदा. ती सोय अगदी हाताशी होती.

"मागून बघून घेतो," तो उठत म्हणाला, आणि मोनाली चपला सरकवून त्याच्यामागं आली.

मागच्या कोपऱ्यात बाथरूमचं पाणी उघड्यावरच सुटलेलं होतं. तिथं त्यांनी पपईचं रोप लावलं होतं, पाणी वाया जाऊ नये म्हणून. रोप चांगलं फोफावलं होतं. त्याच्या बुडाशी चिखल आणि दोन हातांवर जमीन कोरडी, चिरलेली. एकाच पायाला एका बाजूनं पाणी आणि दुसऱ्या बाजूनं ऊन. बाहेरच्या गिलाव्यावर भेग वरून खाली आली होती आणि जोत्यापाशी येऊन मातीत शिरली होती. नागसेननं त्यावर हात ठेवला. भिंत तापलेली होती. तसाच हात ठेवून, मोनालीकडं पाठ करून तो बोलला.

"हा गिलावा न्हाई. भिंत फाटून राह्यली. कोपरा खचतोय. मला हे माहीत होतं."

"त्या दिवशी फोटोवरून कळलं होतं?"

"त्याच्या आधीच. भाद्रपदात बद्रीनाथ माझ्याकडं आल्ते. मी इथं येऊन पाह्यलं होतं. पावसाळ्यात भेग मिटते, तेव्हाच भरा, रंग द्या आणि दिवाळीत विका, हे मी सांगितलं त्यांना. हा रंगसुद्धा मीच सांगितला." एवढं बोलून तो वळला. "आणि तू आलीस तेव्हा मी खोटं बोललो."

मोनाली पपईकडं बघत होती. बाथरूमचा नळ ठिबकत होता, तो तिनं खिडकीतून हात घालून घट्ट केला. तिच्या चेहऱ्यावर राग यायची तो वाट बघत होता. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तर देता येतं. नळावरचा हात काढता काढता ती मनात काहीतरी जुळवत होती, आणि मग अगदी हळू म्हणाली, "म्हणून न्हाई विचारलं त्यांनी."

"काय?"

"आडनाव." तिनं त्याच्याकडं बघितलं. "त्यांना काय, कुणीबी चाललं असतं. जल्दी घेणारं पाहिजे होतं."

नागसेनला वाटलं होतं, निदान एवढं तरी तिला कळणार नाही. त्यानं मान खाली घातली. आतून आईनं भांडं ठेवल्याचा आवाज आला, चहाला आलं कुटल्याचा आवाज आला.

"पडंल का घर?" मोनालीनं विचारलं. आता तिचा आवाज नर्सचा होता.

"न्हाई. पण आत्ताच हात घालायला पाहिजे, पावसाच्या आत. कोपरा तुकड्या तुकड्यानं खणायचा, पायाखाली काँक्रीट भरत जायचं. भोवतालची काळी माती काढून मुरूम ठोकायचा. पाणी पाइपानं लांब न्यायचं, हे झाड काढावं लागंल. भिंतीत आडवे गज घालून भेग शिवायची. माझ्या ओळखीचा मिस्त्री आहे, कल्याण म्हणून. मी रोज उभा राहीन. आणि खर्चा जो येईल तो—"

"खर्चा मी करीन. घर माझं आहे." हे तिनं पटकन, जवळजवळ त्याला ढकलल्यासारखं म्हटलं. मग थांबून, "तुम्ही उभे राहा. रोज. आणि सर, आईला पायाचं सांगा, काळी माती सांगा, सगळं सांगा. त्यांच्याबद्दल सांगू नका. तुमच्याबद्दलबी नका सांगू. ती खूप वर्षांनी कुणाबद्दल चांगलं बोलून राह्यली."

आत जाऊन त्यानं चहा घेतला आणि आईला पायाचं सांगितलं, जमिनीला दोष देत, कुणाही माणसाचं नाव न घेता. तो खरं सांगून मोकळा व्हायला आला होता. निघताना त्याच्याजवळ एक नवी गोष्ट होती, जी त्याला कधीच कुणाला सांगता येणार नव्हती.

कल्याण मिस्त्रीनं दुसऱ्या आठवड्यात खणायला घेतलं. नागसेन रोज सकाळी उन्हं चढायच्या आत येऊन उभा राहायचा. नागसेनच्या पायात गमबूट, डोक्यावर पांढरा रुमाल. बत्तीस वर्षांत एवढा वेळ तो कुठल्याच कामावर उभा राहिला नव्हता. तीन फुटांवर पाया संपत होता, खाली नुसती काळी माती, आणि तिच्यात पपईच्या मुळ्या. भेगेवर त्यानं काचेची एक पट्टी आडवी चिकटवून ठेवली होती. भिंत अजून हलत असली तर काच तडकते. पहिल्या दोन दिवसांत दोन पट्ट्या तडकल्या. तिसरा तुकडा भरून झाला तेव्हा लावलेली काच मात्र दुसऱ्या दिवशीही अखंड होती, तिसऱ्याही दिवशी. तो सकाळी आला की आधी काच बघायचा. मोनाली कामावर निघताना त्याच्याशेजारी उभी राहून काच बघायची आणि स्कूटी काढायची. तिनं त्याला क्षमा केली की नाही हे त्याला कळत नव्हतं, आणि विचारायचा अधिकार आपल्याला नाही एवढं कळत होतं. आईचं मात्र सारखं चालू असायचं. चहा, लिंबूपाणी, उन्हात उभं राहू नका साहेब. आणि एक दिवस खड्ड्याच्या काठाशी बसून तिनं सांगून टाकलं, "पुनवेला खिरीला त्या बद्रीनाथभाऊलाबी फोन केला मी. म्हणलं, या, तुमच्या घराचं काम काढलंय, बघून जा."

त्याच संध्याकाळी बद्रीनाथचा फोन आला. "साहेब, ती म्हातारी बोलावून राह्यली मला. जेवायला! काय झालं? भेग उघडली का? तुम्ही काही बोलले काय तिथं?" आवाज पार पडलेला होता. नागसेन म्हणाला, "या तुम्ही." 

बुद्धपौर्णिमेला दुपारी घर माणसांनी भरलं होतं. विहारातून वंदना करून आलेल्या शेजारच्या बाया, पंचशीला, पांढऱ्या साडीतली मोनाली. बद्रीनाथ फाटकाशी चपला काढून एवढा वेळ उभा राहिला की आईला बाहेर जाऊन त्याला आत आणावं लागलं. तिनं त्याला पंख्याखाली, बरोबर त्या मोतिया भिंतीसमोर बसवलं. भेग आता शिवलेली होती, पण वर रंग नव्हता. सिमेंटचा करडा ओरखडा कोपऱ्यापासून छतापर्यंत उघडा होता. मोनालीनं त्याच्या हातात खिरीची वाटी दिली आणि क्षणभर वाटी सोडलीच नाही. बद्रीनाथनं वर बघितलं. नागसेनला दिसलं, की हिला सगळं माहीत आहे हे त्याला कळलं. "घ्या ना भाऊ," आई म्हणत होती, "काजू घातलेत. तुमच्यामुळं हे घर. आडनाव बी विचारलं न्हाई तुम्ही. ह्या बायांना मी तुमचंच सांगत असते." बद्रीनाथनं दोन घास घेतले. तिसरा तोंडातच राहिला. तो भिंतीकडं न बघता बसायचा प्रयत्न करत होता, आणि बसायला दुसरीकडं तोंड करायची जागा नव्हती.

"साहेब, काम दाखवता का?" तो उठून म्हणाला, आणि दोघं मागं आले.

शेवटचा तुकडा भरायचा बाकी होता, सणाची सुट्टी म्हणून मिस्त्री आला नव्हता. खड्डा उघडा होता. बद्रीनाथ त्याच्या काठाशी उभा राहून धापा टाकत होता. "म्हातारीला माहीत न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई. पोरीला आहे."

"मी... आडनाव..." तो खड्ड्याकडं बघत म्हणाला, "एजंटनं मला सांगितलं होतं कोण आहेत ते. मी म्हणलं, चालतंय. मला वाटलं, ह्यांना दुसरं मिळत न्हाई, जास्त उकरून बघणार न्हाईत. खोटं कशाला बोलू."

पपई उपटली होती तिथली माती अजून ओली दिसत होती. नागसेन तिच्याकडं बघत राहिला. आपणही ह्याच माणसाच्या एका कपाला भुललो होतो, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण ते सांगून काय हलकं होणार होतं?

"मुरूम लागंल ना साहेब?" बद्रीनाथ अजिजीनं म्हणाला. "आमच्याकडचा खडकाळ आहे, चांगला. दोन ट्रॉल्या धाडतो. तेवढं तरी करू द्या, साहेब."

साहेब. आतमध्ये कुठंतरी तो जुना गोडवा पुन्हा हलला, आणि तो हलला हे नागसेनला स्पष्ट कळलं. या वेळी त्यानं तो आपोआप खाली बसू दिला.

"पोरीला विचारा. ती हो म्हणली तर धाडा," तो म्हणाला. "पण मी इथं उभा राहीन. मुरमात काळी माती दिसली तर ट्रॉली माघारी लावीन."

"बराबर आहे," बद्रीनाथ म्हणाला आणि जायला वळला.

"थांबा. खाली उतरून बघा."

बद्रीनाथनं त्याच्याकडं बघितलं, मग स्वतःच्या पांढऱ्या पायजम्याकडं. मग पायजमा गुडघ्यापर्यंत ओढून, काठाला हात टेकत तो खड्ड्यात उतरला. काळ्या मातीत त्याचे पाय घोट्यापर्यंत रुतले. तो वाकला आणि पायाच्या शेवटच्या दगडाखाली हात घातला, जिथं काहीच नव्हतं.

आतून आईचा आवाज आला, "कुठं गेले गं दोघं?" आणि मोनालीचा, शांत, "मागं आहेत. घर बघून राह्यले."

"बघू दे बाई. विकल्यावर कोण एवढं बघतंय!"

खड्ड्यातून बद्रीनाथनं वर यायला हात पुढं केला. मातीनं भरलेला तो हात नागसेननं लगेच धरला नाही.

"दिसला का पाया?" त्यानं विचारलं.

"दिसला," खालून आवाज आला.